बोगुऱ्याचा हिरो

इचलकरंजी सोडून ढाक्यात आलो, त्याला आता चौथं वर्ष. राहतो ‘उत्तरा’ नावाच्या भागात, नोकरी गाजीपूरच्या कापड कारखान्यात. इथे चहावाल्याला ‘मामा’ म्हणतात, रिक्षावालाही मामाच. आमच्या गेटसमोरचे मामा बोगुऱ्याचे. बोगुरा म्हणजे दह्याचं गाव. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. किरकोळ अंगाचा, सावळा माणूस भडक शर्टात नाचत होता. ‘आमादेर हिरो आलोम,’ मामा म्हणाले. आमचा हिरो आलम.

ऑफिसात ते नाव घेतलं आणि सगळे खो-खो हसले. ते हसणं मला अजून आठवतं.

आश्रफुल आलम हे त्याचं खरं नाव. आधी सीडीचं दुकान, मग गावात केबलचा धंदा. स्वतःच गाण्यांचे व्हिडिओ काढायचे आणि स्वतःच्याच केबलवर दाखवायचे. २०१६ च्या सुमारास हे व्हिडिओ फेसबुक-यूट्यूबवर पसरले आणि देशभर त्याची टिंगल सुरू झाली. टिंगल करायला म्हणून का होईना, लोक बघत राहिले आणि तो मोठा झाला.

इथे फेसबुकला केवढं महत्त्व आहे, ते तिकडे बसून कळणार नाही. साड्या फेसबुक लाइव्हवर विकल्या जातात, नटनट्यांची लग्नं, भांडणं, बाळं तिथेच जाहीर होतात. २०२१ च्या जूनमध्ये अभिनेत्री पोरी मोनीने बलात्काराच्या आणि खुनाच्या प्रयत्नाचा आरोप करत थेट पंतप्रधानांना उद्देशून फेसबुकवर पोस्ट लिहिली. ऑगस्टमध्ये तिच्याच घरावर छापा पडला, तेव्हाही ती लाइव्ह होती. न्याय मागायलाही तिला तीच जागा जवळची वाटली. आणि खालच्या कमेंट्समध्ये काय, तर तिचे कपडे आणि तिची लग्नं. वाचताना जीव गुदमरतो.

आलमचं प्रकरण मला त्याहून खोल लागतं. जुलै २०२२ मध्ये पोलिसांनी त्याला बोलावून घेतलं आणि रवींद्रनाथांची आणि कवी नजरुल इस्लामांची गाणी पुन्हा अशी गाणार नाही, असं लिहून घेतलं. त्याचा सूर खरंच लागत नाही, हे मी कबूल करतो. पण बेसूर गातो म्हणून माणसाला पोलिसांनी बोलवायचं? रवींद्रनाथ इथे प्राणाहून प्रिय आहेत, ते मला समजतं. तरीही.

मग तो निवडणुकीला उभा राहिला. फेब्रुवारी २०२३ च्या पोटनिवडणुकीत बोगुरा-४ मतदारसंघात त्याचं चिन्ह होतं एकतारा. हरला तो फक्त ८३४ मतांनी. आलमला ‘सर’ म्हणावं लागेल, हे काही शिकलेल्यांना सोसत नाही, असं तो तेव्हा बोलला होता. त्याच वर्षी तो ढाका-१७ मधूनही उभा राहिला. १७ जुलैला मतदानादिवशी ढाक्यातल्या बनानीत केंद्राबाहेर त्याला मारहाण झाली. परदेशी दूतावासांनी मिळून निषेधाचं पत्रक काढलं.

त्या संध्याकाळी आमच्या कँटीनमध्ये प्रत्येकाच्या हातात तोच व्हिडिओ. तो धावतोय, मागे माणसं. आठवड्यापूर्वी त्याची नक्कल करून दाखवणारा आमचा एक सहकारी व्हिडिओ अर्धाच बघून थांबला. ‘एटा ठीक ना, दादा,’ एवढंच म्हणाला. हे बरोबर नाही. (हिंदू किंवा भारतीय दिसलो की मी ‘दादा’, नाहीतर इथे सगळे ‘भाई’.)

गेटबाहेर मामा चहा गाळत होते. फोन उपडा ठेवलेला. मी पैसे पुढे केले तर घेईनात.

‘दादा,’ ते हळू म्हणाले, ‘तुम्ही तरी कधी हसला नाहीत.’

मी गप्प बसलो. पहिल्या आठवड्यात ऑफिसात सगळे हसले, तेव्हा मीही हसलो होतो.