घाबरलेल्या जनावराचं मांस काळं पडतं

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून पश्चिमेला घाट चढून टूवुम्बा ओलांडलं की डार्लिंग डाउन्सची काळीभोर जमीन सुरू होते. हिवाळ्यात गहू नि बार्ली, उन्हाळ्यात ज्वारी आणि कपाशी. इथली ज्वारी माणसं फारशी खात नाहीत, ती बरीचशी जनावरांच्या गव्हाणीत जाते. पशुवैद्यक म्हणून मी याच पट्ट्यात काम करतो. बीफचा दर्जा नेमका कशावर ठरतो, हे गावाकडचे मित्र फोनवर हमखास विचारतात. आपल्याकडे विषय नाजूक आहे, अनेक वाचकांच्या घरात हे मांस येतही नाही, याची जाणीव ठेवून लिहितोय. पण ज्याच्या दावणीला जनावर आहे, त्याला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

आधी चाऱ्याचं बोलू. रानात चरून वाढलेल्या जनावराची चरबी पिवळसर दिसते, कारण हिरव्या गवतातलं बीटा-कॅरोटीन तिच्यात उतरतं. धान्यावर ठेवलेल्याची चरबी पांढरी असते, आणि मांसातही चरबीच्या बारीक रेषा उमटतात. त्याला इथे मार्बलिंग म्हणतात. ही आतली चरबी सगळ्यात शेवटी साठते, म्हणून फीडलॉटमध्ये, म्हणजे जनावरं धान्यावर पोसतात त्या आवारात, घाई करून चालत नाही. ज्वारी वाफवून चपटी करतात, नाहीतर बराच दाणा न पचताच शेणावाटे बाहेर पडतो. तिच्यात सरकी, मुरघास, वाळलेलं गवत मिसळतात. नव्या जनावराला धान्याची सवय लावायला साधारण तीन आठवडे घेतात. एकदम पोटभर धान्य दिलं तर पोटात आम्ल वाढतं आणि जनावर दगावूही शकतं. पहाटे एक माणूस प्रत्येक गव्हाणीपाशी थांबून कालचं किती उरलंय ते बघतो आणि त्यावरून आजचं माप ठरवतो. फीडलॉटमधलं सगळ्यात जोखमीचं काम मी यालाच म्हणेन.

एवढी महिनोन्‌महिन्यांची मेहनत शेवटच्या दोन दिवसांत पाण्यात जाऊ शकते, हे मात्र बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं.

जिवंत जनावराच्या स्नायूचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, 7 च्या आसपास असतो; आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो. कत्तलीनंतर स्नायूतल्या ग्लायकोजेनचं, म्हणजे साठवलेल्या साखरेचं, लॅक्टिक आम्ल होतं आणि पीएच 5.5 पर्यंत उतरतो. तसं झालं तरच मांस लालसर, टिकाऊ राहतं. पण घाबरलेल्या, दमलेल्या, उपाशी जनावराने ते ग्लायकोजेन आधीच खर्च केलेलं असतं. मग आम्ल तयार होत नाही आणि मांस काळपट, चिकट पडतं, लवकर खराब होतं. ग्रेडर, म्हणजे मांसाची प्रत ठरवणारा माणूस, बरगडीपाशी घेतलेल्या छेदात पीएच मीटरची सुई खुपसतो, रंगाचे नमुने मांसाशेजारी धरून बघतो. आकडा 5.70 च्या वर गेला की मीट स्टँडर्ड्स ऑस्ट्रेलिया या इथल्या प्रतवारी योजनेचा शिक्का मिळत नाही. पैसे कापले जातात ते पशुपालकाचे.

म्हणून नियमही आहेत. पाठवणीच्या आधी 14 दिवस कळपात परकी जनावरं मिसळायची नाहीत, कारण अनोळखी जनावरं एकत्र आली की वरचढ कोण ते ठरेपर्यंत ढुशा देत राहतात. एकदा संपलेलं ग्लायकोजेन पुन्हा भरायला चांगल्या चाऱ्यावरही कित्येक दिवस लागतात. कोरड्या हंगामात, गवताचा कस गेलेला असताना, ते भरतच नाही. चारा आणि हाताळणी वेगळी काढता येत नाही, ती इथे.

चांगला गुराखी आरडाओरडा करत नाही. तो जनावराच्या खांद्यामागे जातो, जनावर पुढे चालतं. खांद्याच्या पुढे आला की ते मागे सरतं. विजेची काठी गाडीतच पडून राहते. हे काम बघत उभं राहावं असं आहे.

आमच्याच क्वीन्सलँड राज्याच्या उत्तरेला ब्राह्मन ही गाईबैलांची जात फार. 1933 साली ती अमेरिकेतून इथे आली. तिच्या रक्तात गीर, गुजरातकडची कांकरेज, ओंगोल आणि आपली कृष्णाकाठची कृष्णा व्हॅलीसुद्धा आहे. उन्हाला नि गोचिडांना ती दाद देत नाही, पण मांस थोडं चिवट. ग्रेडर तिच्या वशिंडाची उंची मोजून गुणांकनात धरतात. ब्राह्मन बिथरट आहे, असं इथले काही जण सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. तिला ओरडा सोसत नाही, एवढंच. सावकाश हाताळलेली ब्राह्मन माणसाच्या मागेमागे फिरते.

ती सवय लावायची वेळ मात्र लहानपणीच येते. वासरू आईपासून तोडलं की आठवडाभर त्याला भक्कम कुंपणाच्या आवारात ठेवतात. वाळलेलं गवत, स्वच्छ पाणी, आणि दिवसातून काही वेळा त्यांच्यातून शांतपणे चालत जाणारा माणूस. अशी वासरं पुढे फीडलॉटमध्ये आली की गव्हाणीला लवकर तोंड लावतात आणि आजारीही कमी पडतात. नवा कळप उतरताना कोणाची वासरं अशी तोडली होती, ते मी आता गाडीच्या उतरत्या फळीवरच ओळखतो.