मोझार्टचे ‘रेक्वियम’ गाताना: माझा अनुभव

विद्यापीठाच्या गायनवृंदाच्या निवडचाचणीला मी गेलो, तेव्हा मला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता येत होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल. रेघांवरचे ठिपके वर चढले की आवाज चढवायचा आणि खाली आले की उतरवायचा, एवढेच मला कळत होते. चाचणी जेमतेम दहा मिनिटांची होती. कंडक्टरांनी पियानोवर एकेक स्वर वाढवत माझा आवाज कुठपर्यंत जातो ते पाहिले, स्वरांचे छोटे तुकडे एकदाच ऐकवून तसेच परत गायला सांगितले आणि शेवटी मी कधीही न पाहिलेल्या आठ बारांचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खंड) कागद समोर ठेवला. त्या कागदावर मी सपशेल आपटलो, पण ऐकून गाताना एकही स्वर चुकला नाही. शिवाय टेनर, म्हणजे पुरुषांच्या उंच पट्टीच्या, आवाजांची चणचण बहुतेक हौशी गायनवृंदांना असते, आणि त्या चणचणीनेच मला तारले असे मी आजही मानतो. मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी, माझ्या शेजारी उभा राहणारा स्थापत्य अभियांत्रिकीचा, आणि वाद्यवृंदातही संगीत विभागाबाहेरचेच निम्म्याहून अधिक.

त्या सत्रासाठी मोझार्टचे ‘रेक्वियम’ निवडले होते. ही मृतांच्या शांतीसाठीची प्रार्थना मोझार्टने 1791 मध्ये लिहायला घेतली आणि त्याच वर्षी 5 डिसेंबरला तो गेला. त्यातल्या ‘लाक्रिमोसा’ या भागाचे पहिले आठच बार त्याच्या हातचे आहेत, अपुरे राहिलेले बरेचसे काम पुढे त्याचा शिष्य स्यूसमायर याने पूर्ण केले. ग्रंथालयातून मला मिळालेली प्रत बरीच वापरलेली होती आणि आधीच्या गायकांच्या पेन्सिलीच्या खुणा तिच्यात अर्धवट खोडलेल्या दिसत होत्या. ‘कीरिए’ या भागाच्या शेवटच्या पानावर कुणीतरी लहानसा चष्मा काढला होता. कंटाळलेल्या एखाद्या गायकाचा चाळा असेल, असे समजून मी पान उलटले.

सुरुवातीच्या तालमींत गाणे कमी आणि उच्चार जास्त, अशी स्थिती होती. एक लॅटिन शब्द ‘लुचेआत’ म्हणायचा की जर्मन पद्धतीने ‘लुत्सेआत’, यावर बराच वेळ गेला आणि अखेर इटालियन पद्धत ठरली. त्याहून चिवट निघाला तो ‘लक्स’ या शब्दाच्या शेवटचा ‘क्स’. साठ जणांनी तो आपापल्या वेळी उच्चारला की कढईत मोहरी तडतडल्यासारखा आवाज होतो. तो नेमका कोणत्या मात्रेवर सोडायचा हे कंडक्टरांनी सांगितले, आम्ही प्रतींवर लिहून घेतले, आणि पुढच्या खेपेला तो खरोखरच एका तोंडातून आल्यासारखा वाटला. लांब स्वरांवर सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, शेजारी घेत असेल तेव्हा आपण गात राहायचे आणि आपण घेऊ तेव्हा त्याने, हेही तिथेच शिकलो. आपण थांबलो तरी आवाज थांबत नाही, याची सवय व्हायला मला वेळ लागला.

माझे खरे युद्ध मात्र ‘कीरिए’शी होते. ही दुहेरी फ्यूग आहे, म्हणजे दोन स्वतंत्र स्वरवाक्ये एकमेकांचा पाठलाग करत चार आवाजांतून फिरतात. बास (पुरुषांचे खालचे आवाज) ‘कीरिए’ने सुरुवात करतात, त्यांच्या पाठोपाठ आल्टो (स्त्रियांचे खालचे आवाज) ‘क्रिस्ते’ घेऊन येतात, मग सोप्रानो (स्त्रियांचे उंच आवाज) ‘कीरिए’ उचलतात आणि शेवटी आम्ही टेनर ‘क्रिस्ते’ घेऊन शिरतो. ‘एलेइसोन’ या एकाच शब्दावर, एका मात्रेत चार या वेगाने, स्वरांची लांबलचक माळ गायची असते आणि ती गाताना दुसरे तिघे वेगळेच काहीतरी म्हणत असतात. ज्याचे कान समेवर परत येण्याच्या सवयीत वाढले आहेत, त्याला इथे धरायला काहीच सापडत नाही, कारण सगळे मिळून एका ठिकाणी येतात ते थेट शेवटीच. पहिले तीन आठवडे मी दर वेळी हरवत होतो. मग रोज रात्री त्या माळेचे चार-चार स्वर सुटे करून, आधी निम्म्या लयीत आणि शब्दांशिवाय, घोटायला लागलो. आणखी एक गोष्ट उपयोगी पडली, ती म्हणजे हरवलो तर तोंड बंद ठेवून कुठे परत शिरायचे, त्या जागांवर पेन्सिलीने बाण काढून ठेवणे. स्वरांइतक्याच निष्ठेने मी ते बाण पाठ केले.

वाद्यवृंदाबरोबरच्या पहिल्या तालमीत दोन आश्चर्ये वाट पाहत होती. एरवी वाद्ये जुळवताना ओबो हे फुंकून वाजवायचे वाद्य ‘ए’ हा स्वर देते, पण या रचनेत बासरी नाही आणि ओबोही नाही. क्लॅरिनेटच्या कुळातली, गडद आवाजाची दोन बासेट हॉर्न आहेत. त्यामुळे आमच्याकडे ऑर्गनने ‘ए’ दिला आणि सगळे त्याला मिळाले. दुसरे आश्चर्य अधिक सुखद होते. ‘कीरिए’ सुरू झाली आणि माझी तीच ‘क्रिस्ते’ची माळ मला पुढून ऐकू आली. आल्टो, टेनर आणि बास या तिन्ही आवाजांना एकेक ट्रॉम्बोन (फुंकून वाजवायचे पितळी वाद्य) साथ करतो, हे मला कुणी सांगितलेच नव्हते. तीन महिने एकट्याने ओढलेल्या गाडीला कुणीतरी मागून हात लावावा, तसे झाले.

अडचण निघाली ती अंतराची. गायनवृंद सर्वांत मागे उभा असतो आणि आमच्यापासून पहिल्या व्हायोलिनपर्यंत बारा मीटर तरी होते. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे त्यांचा स्वर आमच्या कानी यायला साधारण 35 मिलिसेकंद लागतात, आणि तो ऐकून आम्ही गायलो की सभागृहात पोहोचेपर्यंत आमचा उशीर आणखी वाढतो. हा हिशेब मी वहीत करून पाहिला, पण कंडक्टर ते एका वाक्यात सांगत होते: व्हायोलिन ऐकू नका, माझी काठी बघा. ऐकणे हाच माझा एकमेव आधार होता आणि तोच आता सोडायचा होता.

मला ते जमले नाही आणि रंगीत तालमीत त्याची किंमत मोजावी लागली. ‘कीरिए’च्या शेवटी चारही आवाज धावत येऊन एका अस्थिर स्वरसंगतीवर थबकतात. मग पूर्ण शांतता असते, आणि तिच्यानंतर अगदी संथ लयीत शेवटचे शब्द येतात. अखेरच्या स्वरसंगतीत फक्त ‘डी’ आणि ‘ए’ हे स्वर असतात. ती मेजर (उजळ भावाची) की मायनर (उदास भावाची) हे ठरवणारा मधला स्वरच मोझार्टने ठेवलेला नाही. मी प्रतीत डोके घालून मात्रा मोजत होतो, माझ्या मोजणीने शांतता संपली आणि रिकाम्या सभागृहात मी एकटाच खणखणीत आवाजात शिरलो. कुणीही हसले नाही, हे अधिक वाईट होते. कंडक्टरांनी काठी खाली घेतली, पानाचा क्रमांक सांगितला आणि पुन्हा सुरुवात केली.

मध्यंतरात शेजाऱ्याने माझी प्रत हातात घेतली आणि त्या पानावर बोट ठेवले. “अरे, हा चष्मा कशाला काढलाय असं वाटलं तुला?” मी काहीच बोललो नाही. “चष्मा म्हणजे वर बघ. ही शांतता किती लांबणार ते कुठेच छापलेलं नसतं, ते त्यांच्या हातात असतं.” मी पेन्सिल काढून जुन्या चष्म्याशेजारी त्याच्या दुप्पट आकाराचा चष्मा काढला.

कार्यक्रमाची संध्याकाळ मला सलग आठवत नाही. पाठीवर येणारा दिव्यांचा उबारा, घामाने हाताला चिकटणारी काळी फाइल, ‘तूबा मीरुम’ची सुरुवात एकट्याने वाजवणाऱ्या ट्रॉम्बोनवादकाचे लाल झालेले कान, असे तुकडे आठवतात. ‘कीरिए’च्या शेवटी मी प्रत छातीपर्यंत खाली घेतली होती आणि माझी नजर फक्त काठीवर होती. ती शांतता निभावली. पण पूर्ण रचनेत ती दोनदा येते, कारण स्यूसमायरने शेवटच्या ‘कुम सांक्तिस तुइस’साठी तीच फ्यूग नव्या शब्दांसह वापरली आहे. दुसऱ्या खेपेला आम्ही थबकलो, तेव्हा टिंपनी (नगाऱ्यासारखे वाद्य) वाजवणाऱ्याने चामड्याची थरथर थांबवण्यासाठी दोन्ही पंजे त्यावर अलगद टेकवलेले मी पाहिले, कारण मी वर बघत होतो. मग काठी हलली.

प्रती ग्रंथालयाला परत करताना सगळ्या खुणा खोडून द्याव्या लागतात. एका दुपारी बसून मी बाण खोडले, श्वासाच्या खुणा खोडल्या, ‘क्स’च्या मात्रा खोडल्या आणि माझा मोठा चष्माही खोडला. शेजारचा लहान चष्मा मात्र कागदात इतका रुतला होता की तो रबराने निघाला नाही.