लोखंड तेवढंच आहे की ओ सायेब

स्लॅबच्या दिवशी मी घरातनं नाश्ता करून निघत नाही, साइटवर पोहे-भजी काहीतरी येतंच, पण त्या दिवशी साडेदहापर्यंत चहासुद्धा नशिबात नव्हता. गेल्या मे महिन्यातली गोष्ट. बेळगावहून उचगावकडं जाताना रस्त्याला लागून एका रिटायर सुभेदार काकांचं घर चाललेलं, पहिल्या मजल्याचा स्लॅब, आणि पुढच्या बाजूला ४ फूट बाहेर आलेली गॅलरी, खाली खांब नाही काही नाही. काकांची सगळी नोकरी मराठा लाइट इन्फंट्रीत गेलेली, त्यामुळं मजबूत म्हणजे काय ते आपल्याला कळतंय अशी त्यांची खात्री. नकाशात गॅलरीला १० एमएमची सळी दर ५ इंचावर एक अशी दिलेली, ते रोज म्हणायचे १२ची टाका, पैशाचं बघू नका.

आदल्या संध्याकाळी सगळं लोखंड चेक करून मी घरी गेलेलो. सकाळी सातला पोचलो तर मिक्सर चालू व्हायच्या बेतात, माणसं घमेली घेऊन उभी, आणि पश्चिमेकडनं ढग चढायला लागलेले, वळीव कधी कोसळेल सांगता येत नाही म्हणून कॉन्ट्रॅक्टर नुसता घाईवर. शिडी चढून गॅलरीवर गेलो आणि बघतो तर वरची जाळी सगळी खाली बसलेली! इलेक्ट्रिकवाल्याची पोरं पहाटे येऊन पाइप टाकून गेलेली, जाळीवर नाचलेली, आणि खुर्च्या मध्ये येतायत म्हणून काढून कोपऱ्यात छान ढीग लावून ठेवलेल्या. (खुर्ची म्हणजे सळीचाच वाकवलेला तुकडा, वरची जाळी ज्याच्यावर टेकते तो.)

टेप लावला. स्लॅब ५ इंचाचा, वरनं पाऊण इंच कव्हर (सळीवरचा काँक्रीटचा थर) सोडून जी सळी पाहिजे ती पार फळीपासून बोटभर अंतरावर लोळत होती. म्हटलं मिक्सर बंद करा.

मेस्त्री वर आला, बघितलं, आणि एकदम शांतपणे म्हणाला, "लोखंड तेवढंच आहे की ओ सायेब, एक सळी कमी केलेली नाही. वर असली काय, खाली असली काय."

खोटं बोलत नव्हता तो. काकांचा हिशोब तरी काय वेगळा होता, जेवढे किलो तेवढी मजबुती. पण माझ्या डोळ्यासमोर दुसरंच. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका साइटवर टेकू काढताना अख्खा छज्जा खाली आलेला, खालचा माणूस नुकताच पाणी प्यायला गेलेला म्हणून वाचला. तुटलेल्या तुकड्यात सळ्या मोजल्या तर पुऱ्या भरल्या. सगळ्या तळाला.

आता हे समजवायचं कसं, निम्मी माणसं गोकाककडची, मराठी कामापुरतं, आणि माझं कन्नड पण कामापुरतंच. पुस्तकात याला प्रबलन म्हणतात, साइटवर कोणाला म्हणून दाखवा. आमच्याकडं लोखंड नाहीतर कंबी. मेस्त्रीची एक जुनी हवाई चप्पल पडलेली, ती उचलली आणि हॅक्सॉच्या पानानं वरच्या बाजूला आडव्या चार-पाच चिरा मारल्या, उलटी करून खाली पण तशाच. तो बघतच राहिला. टाच विटेखाली दाबली, पुढचा भाग भिंतीबाहेर काढला आणि बोटानं पुढनं दाबलं. वरच्या चिरा आ वासून उघडल्या, खालच्या मिटल्या. विचारलं, टाका कुठं घालायचा? घमेलंवाल्या बाया आधी बोलल्या, "मेले, मेले!" म्हणजे वर. मग तीच चप्पल दोन विटांवर आडवी ठेवून मधोमध दाबली, तर खालच्या चिरा उघडल्या. "केळगे!" म्हणजे खाली.

एवढंच आहे ते. काँक्रीट दाबाला वाघ आणि ताणाला मांजर, ताणात त्याची ताकद दाबाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, म्हणून जिथं ते उसवतं तिथं सळी पाहिजे. आतल्या खोलीच्या स्लॅबला मधे तळाला, गॅलरीला वर, आणि ती वरची सळी बाहेर जेवढी तेवढीच काय, थोडी जास्तच आत स्लॅबात गेलेली पाहिजे, नाहीतर धरणार कोण. खाली पडलेली १२ची सळी वर बसलेल्या १०च्या सळीचं काम करत नाही. हे ऐकून काका जरा गप्प झाले.

पुढचे अडीच तास जाळी उचलणं, वाकलेल्या खुर्च्या सरळ करणं, कमी पडल्या तिथं भंगारातल्या तुकड्यांच्या नवीन करणं, दर ३ फुटाला एक, बायंडिंग तारेनं बांधून. वर चालायला फळ्या टाकल्या, आणि काँक्रीट ओतताना गॅलरीवर मी स्वतः उभा, कोणी जाळीवर पाय ठेवला की ओरडायला. कॉन्ट्रॅक्टर माझ्याशी दिवसभर बोलला नाही. वळीव आला, पण संध्याकाळी सहाला, तोवर ताडपत्री टाकून झालेली.

काकांना गॅलरीच्या कडेला कुंड्यांची रांग पाहिजे होती, ते वजन मी आधीच हिशोबात धरलेलं. त्यांना सांगितलं की काँक्रीटमध्ये लोखंड घालायचं पेटंट १८६७ मध्ये जोसेफ मोनिए नावाच्या फ्रेंच माळ्यानं घेतलं, ते कुंड्यांसाठीच. तेव्हापासनं येईल त्याला ते हेच सांगतात.

तीन आठवड्यांनी टेकू काढले, बाहेरच्या टोकाकडनं सुरुवात करून एकेक सोडत आत. दोरी लावून बघितली, डोळ्याला दिसेल असा फरक नाही.

मग कॉन्ट्रॅक्टरचं बिल आलं. शेवटच्या दोन ओळी अशा: जादा मजुरी अर्धा दिवस, आणि त्याखाली, चप्पल १ जोड. काकांनी पहिली ओळ खोडली, दुसरी पास केली.