पेट-स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘पिट्युटरी’ आली तर

कॅन्सरसाठी केलेल्या पेट-सीटीच्या रिपोर्टमध्ये फुफ्फुस, यकृत, हाडं सगळं वाचून होतं आणि मध्येच एक ओळ सापडते: ‘सेलामध्ये फोकल अपटेक, एमआरआयशी पडताळून पाहावे.’ सेला म्हणजे कवटीच्या तळाशी पिट्युटरी, म्हणजे थायरॉइडसारख्या इतर ग्रंथींना हुकूम देणारी छोटी ग्रंथी, बसते ती खोबण; फोकल अपटेक म्हणजे तिथे एकाच जागी दिसलेली चमक. मुख्य आजाराच्या धावपळीत ही ओळ तशीच राहून जाते. ती राहू देऊ नका.

स्कॅनआधी टोचतात ते एफडीजी म्हणजे किरणोत्सारी ग्लुकोज. मेंदू ते भरपूर ओढतो, पण निरोगी पिट्युटरी सहसा उठून दिसत नाही. म्हणून कवटीच्या तळाशी मधोमध वाटाण्याएवढा ठिपका चमकला, तर कारण शोधायला हवं. बहुतेकदा साधा अ‍ॅडेनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ, निघतो. पण स्तनाचा किंवा फुफ्फुसाचा कॅन्सर असेल तर तो तिथे पसरल्याची, आणि इपिलिम्युमॅबसारखी इम्युनोथेरपी चालू असेल तर ग्रंथीला सूज आल्याची शक्यता धरावीच लागते. नुसत्या चमकेवरून यातलं काय ते ठरत नाही. गॅलियम-डोटाटेट स्कॅनमध्ये (न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी करतात त्या वेगळ्या पेट-स्कॅनमध्ये) मात्र निरोगी पिट्युटरीही चमकते.

एमआरआय लिहून घेताना ‘ब्रेन’ नव्हे, ‘पिट्युटरी प्रोटोकॉल, कॉन्ट्रास्टसह’ असं लिहून घ्या. काप 2-3 मिमीचे हवेत. 5 मिमीच्या कापांत 4 मिमीची गाठ सहज निसटते. गाठ दृष्टिनाडीला टेकलेली दिसली तर डोळ्यांची फील्ड टेस्टही (नजर बाजूंना कुठपर्यंत पोचते ती तपासणी) करायची.

रक्त सकाळी 8 ते 9 च्या दरम्यान द्यावं: कॉर्टिसोल, फ्री टी4, टीएसएच, प्रोलॅक्टिन, आयजीएफ-1, सोडियम, पुरुषांत टेस्टोस्टेरॉनही. सगळ्यात जास्त फसवतो तो टीएसएच, म्हणजे पिट्युटरीचा थायरॉइडला जाणारा हुकूम; फ्री टी4 हे खुद्द थायरॉइडचं हॉर्मोन. पिट्युटरीच थकली असेल तर फ्री टी4 कमी असूनही टीएसएच नॉर्मल येतो, आणि एकट्या टीएसएचवर ‘थायरॉइड ठीक’ असा शेरा पडतो. कॉर्टिसोलही कमी असेल तर आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलची भरपाई), मगच थायरॉक्सिन (थायरॉइडची भरपाई). उलट क्रमाने दिलं तर पेशंट कोसळू शकतो. केमोसोबत डेक्सामेथासोन चालू असेल तर कॉर्टिसोल त्यानेच खाली येतो, तेव्हा शेवटचा डोस कधी घेतला ते डॉक्टरांना सांगा. प्रोलॅक्टिन थोडं वाढलेलं दिसलं की आधी औषधांची पिशवी उघडा: ‘गॅसची गोळी’ म्हणून घेतलेल्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोलच्या जोडीला अनेकदा डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं, आणि ही दोन्ही प्रोलॅक्टिन वाढवतात.

सतत तहान आणि दिवसरात्र भरपूर, पाण्यासारखी लघवी ही खूण फार मोलाची. साखर नॉर्मल असून असं होत असेल तर साध्या अ‍ॅडेनोमापेक्षा कॅन्सर पसरल्याचा किंवा सुजेचा संशय घ्यावा. अचानक भयंकर डोकेदुखी, उलट्या, दोन-दोन दिसणं किंवा नजर जाणं, यातलं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी गाठा.

हॉर्मोन्स नॉर्मल आणि गाठ 10 मिमीपेक्षा लहान, तर एमआरआय वर्षाने. त्याहून मोठी असेल तर 6 महिन्यांनी. पुढच्या पेट-सीटीला जाताना जुनी सीडी सोबत न्या आणि सेलाची तुलना करायला तोंडी सांगा.