लोकांची लुगडी, माझं मशीन

वयाच्या ५८व्या वर्षी आरोग्यसेविकेच्या नोकरीतून निवृत्त झाले. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या उपकेंद्रांवर उमेदीची सगळी वर्षं गेली, त्यामुळे लोक मला अजून सिस्टरच म्हणतात. आता मी चोपड्यात घरीच लोकांच्या गोधड्या मशीनवर शिवून देते. ओळखीतल्या, निवृत्तीला आलेल्या बऱ्याच जणी विचारतात, हे जमवलं कसं, मशीन कोणतं लागतं, मजुरी किती घ्यायची. त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

शिवणकाम मला लग्नाआधीपासून येत होतं. झबली, परकर, उशांचे अभ्रे, घरातलं सगळं मीच शिवायचे. पण गोधडीचं काम वेगळं. ब्लाउजला कापडाचे दोन पदर जोडले की झालं. गोधडीत पाच-सहा पदर एकमेकांना धरून राहिले पाहिजेत, तेही धुणं, पिळणं, आपटणं सोसून, वर्षानुवर्षं. म्हणून मशीनला हात लावायच्या आधी शेजारच्या जिजींकडे बसून एक अख्खी गोधडी हाताने शिवली. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी ही पायरी गाळू नये असं माझं ठाम मत आहे. जिजी जमिनीवर कापड अंथरत, चारी कोपऱ्यांवर पाट-वरवंटे ठेवून ताणून घेत, कडा आत दुमडत आणि काठापासून धावदोरा घालत घालत, चौकोनात चौकोन करत मधे येत. प्रत्येक फेरीला डावा हात कापडावरून फिरवून झोळ पुढे सारायचा. झोळ कुठे धरतोय हे हाताला लगेच कळतं. मशीनवर ते कळत नाही, कळतं तेव्हा चुणी पडून गेलेली असते.

मशीनवर हाच क्रम उलटा करावा लागतो. आधी मधोमध एक उभी ओळ मारायची, मग एका बाजूने काठापर्यंत जायचं, मग गोधडी फिरवून दुसरी बाजू. म्हणजे उरलेला झोळ बाहेर निघून जातो. काठावरून सुरुवात केली तर तो मधे कोंडतो.

माझं मशीन घरगुती, काळं, पायाने चालवायचं. त्याला नंतर मोटर बसवून घेतली. सहा पदरांवर ते चालेल का, ही शंका मलाही होती. मशीन दुरुस्त करणाऱ्या चाचांनी नीट समजावलं. खालचे दाते फक्त सगळ्यात खालचं कापड ओढतात. वरचं कापड दाबपट्टीखाली अडतं आणि मागे राहतं. दोन पदरांना हा फरक जाणवत नाही. सहा पदरांना ओळ संपेपर्यंत वरचं कापड बोटभर उरतं आणि आडवी ओळ आली की त्याची चुणी पडते. यावर उपाय म्हणजे वॉकिंग फूट, दाबपट्टीच्या जागी बसवायचा वेगळा फूट. त्याला स्वतःचे दाते असतात आणि त्याची दांडी सुईच्या स्क्रूवर बसते, त्यामुळे सुई वर-खाली होते तसं वरचं कापडही पुढे सरकतं. साध्या काळ्या मशीनला लो शँकचा, म्हणजे बसवायची दांडी आखूड असलेला फूट बसतो. मागवताना ते बघून घ्यावं.

बाकीचं पैशांचं नाही, लक्ष देण्याचं काम आहे. दाबपट्टीचा वरचा स्क्रू थोडा सैल करायचा. सुई १६ नंबरची, काठ-शिवणी एकावर एक येतात तिथे १८ची. टाका लांब ठेवायचा, इंचाला सहा-सात. बारीक टाका दिसायला सुबक दिसतो, पण जुन्या कापडाला तो भोकांची रांग पाडतो आणि कापड त्याच रेषेवर फाटतं. दोरा सुती घ्यायचा. दोरा कापडापेक्षा बळकट असला की ताण आल्यावर दोरा टिकतो आणि कापड जातं. गोधडी टिकवायची असेल तर तुटायची पाळी दोऱ्यावर यावी, तो पुन्हा घालता येतो. नवी गोधडी, नवी सुई, हा नियम मी मोडत नाही. आणि जुन्या सुती कापडाची बारीक रुई शटलमध्ये, म्हणजे खाली बॉबिन बसते तिथे, इतकी साठते की रोज झाकण उघडून ब्रशने काढावीच लागते, मग तेलाचा एक थेंब.

सुताराकडून प्लायवूडचा एक मोठा पाट करून घेतला, मशीनच्या पातळीला, डावीकडे आणि मागे. गोधडीचं वजन खाली लोंबलं की ती सुईला ओढते, सुई वाकते, मोडते. परदेशात हेच काम करणाऱ्या बायकांचे व्हिडिओ मी मोबाइलवर पाहिले. तिकडे गिऱ्हाईक वरचा जोडलेला तुकडा, आतलं भरण आणि खालचं कापड आणून देतं आणि शिवणारी फक्त पदर शिवून देते. त्यांचं लाँगआर्म मशीन रुळांवर सरकतं आणि कापड चौकटीवर ताणलेलं, जागच्या जागी असतं. आपल्याकडे मशीन जागेवर आणि कापड फिरतं. हे कळल्यावर माझ्या डोक्यात स्पष्ट झालं की त्यांची चौकट जे काम करते ते मला आधी, जमिनीवर बसून करायचं आहे. म्हणून कच्चे टाके. दर वीतभर अंतरावर लांब लांब टाके घालून सगळे पदर बांधून घेते, मधे सेफ्टी पिना. यात निम्मा वेळ जातो आणि जावाच. त्यानंतर दोन्ही बाजू वळकटीसारख्या गुंडाळून मशीनच्या हाताखालून घालते.

मशीनची गोधडी ही गोधडीच नव्हे, असं म्हणणारे भेटतात. हाताच्या टाक्यात जो मऊपणा येतो तो मशीनला येत नाही, हे मला मान्य आहे. पण ज्या घरात आईची लुगडी ट्रंकेत कुजत आहेत आणि सुनेला-लेकीला नोकरीमुळे वेळ नाही, तिथे ती लुगडी अंगाखाली येणं जास्त मोलाचं. आणि गोधडीची खरी परीक्षा कापड पारखण्यात असते. ते काम हाताच्या आणि मशीनच्या गोधडीला सारखंच.

म्हणून कापडाविषयी जरा जास्त सांगते. नऊवार म्हणजे ३२४ इंच. त्याच्या चार घड्या केल्या की ८१ इंच लांबी मिळते आणि पन्हा साधारण ४५ इंच धरला तर एका माणसाच्या गोधडीचे चार पदर एकाच लुगड्यात निघतात. वर-खाली एकेक चांगली साडी लावली की सहा पदर. पण लुगडं सगळीकडे सारखं झिजत नाही. कासोट्याचा भाग आणि बसण्याचा भाग आधी विरतो, लुगड्याचा पदर मात्र धड असतो, काठ तर सगळ्यात शेवटपर्यंत टिकतात. मी लुगडं खिडकीशी धरून उजेडात बघते. जिथे उजेड आरपार येतो तिथे दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणते. सूत सरकलं तरी चालेल, तुटता कामा नये. विरलेला भाग गोधडीच्या आतल्या थरात घालते, लुगड्याच्या पदराकडचा भाग बाहेर. काठ कापून टाकायचे नाहीत, तेच गोधडीच्या चारी कडांना दुमडून लावायचे, कारण गोधडी पहिल्यांदा कडेलाच फाटते.

एक म्हातारी बाई तालुक्यातल्या खेड्यातून मुलाच्या मोटारसायकलवर आली होती. पिशवीतून हिरवं इरकली काढलं, मांडीवर घेऊन बसली, देईना. मग म्हणाली, "हाई मन्ही मायनं लुगडं शे, जपीसन शिवजो माय." मी तिच्यासमोरच ते उजेडाला धरलं. मधला जवळजवळ दोन हातांचा भाग इतका विरला होता की सुईसुद्धा झेपली नसती. तो आत कुठे जाईल, वर काय दिसेल, कोणता काठ कोणत्या बाजूला येईल, हे जमिनीवर अंथरून दाखवलं. तिनेच मग जागा बदलून सांगितली: पदर डोक्याकडे हवा. तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला कात्री लावायच्या आधी घडी मांडून दाखवते. दुसऱ्याच्या कापडावर काम करताना हे विचारणं शिलाईइतकंच महत्त्वाचं आहे.

हल्ली येणाऱ्या साड्यांत निम्म्या सिंथेटिक असतात. शंका आली तर कडेचं सूत जाळून बघते. सुती असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि राख होते, पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. अशी साडी वरच्या पदराला शोभेसाठी चालते, आत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना भिडतो. रात्री धाब्याच्या (मातीच्या सपाट) छपरावर किंवा गच्चीवर अंथरायला घाम टिपणारं सुतीच लागतं. नवं अस्तर लागलं तर जळगावच्या फुले मार्केटातून सुती आणते आणि सगळं कापड, जुनं-नवं, आधी धुऊन घेते. गडद रंग असेल तर ओलं पांढरं फडकं घासून बघते. रंग लागला तर ते कापड फिक्या साडीशेजारी बसवत नाही.

एका शेतकरी भाऊंनी घरच्या कापसाची जिनिंग केलेली रुई आणली. त्यांना ती गोधडीत भरून हवी होती, स्वतःच्या रानातली. मन मोडवेना. पण सुटी रुई धुतल्यावर गोळा होते आणि एका कोपऱ्यात जाते. त्यांना आधी पिंजाऱ्याकडून ती पिंजून आणायला सांगितली, अगदी पातळ थर दोन मलमलींच्या मधे घालून टाचून घेतला आणि मग चार बोटांच्या अंतराने आडव्या-उभ्या ओळी मारल्या. ओळींमधलं अंतर वाढलं की रुई सरकते, हे पक्कं लक्षात ठेवावं. नुसत्या साड्यांच्या गोधडीला वीतभर अंतरही चालून जातं.

माझ्या जिव्हाळ्याचं काम बाळांच्या गोधड्यांचं. बाळंतविड्यासाठी लोक मागतात. नोकरीत मी कितीतरी बाळं आजीच्या धुवट लुगड्यात गुंडाळली, त्यामुळे यात मी हट्टी आहे. लेस नाही, आरसे नाहीत, मणी नाहीत. आत आणि बाहेर सगळं सुती. लोंबणारा एकही दोरा ठेवत नाही, कारण सुटा दोरा बाळाच्या बोटाला वळसा घालून बसतो, बोट सुजतं आणि सूज चढेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. दोऱ्याची टोकं सुईने आतल्या पदरात ओढून घेते. आणि देताना सांगते, ही बाळाच्या खाली अंथरायची, तोंडावर ओढायची नाही. उन्हात कडक वाळवायची.

मजुरीबद्दल बायका संकोच करतात, मीही करत होते. मग हिशोब मांडला. चार बोटांच्या अंतराने दोन्हीकडून ओळी मारल्या तर एकेरी गोधडीला ६०-६५ मीटर शिलाई होते आणि वरचा नि बॉबिनचा मिळून दोरा त्याच्या दुपटीहून जास्त लागतो. त्यात सुई, वीज, टाचण्याचे तास आणि दुखणारे खांदे. कापड गिऱ्हाइकाचं असेल तर एकेरीचे मी ५०० रुपये घेते, दुहेरीचे ८००, बाळाच्या गोधडीचे २००. गल्लीत गाडी घेऊन येणारे गोधडीवाले कमी पैशांत देतात. त्यांचं काम झटपट असतं आणि अनेकांना तेच परवडतं, त्यात वाईट काही नाही. माझ्याकडे येणाऱ्याला मी वेळ लागेल हे आधीच सांगते आणि वहीत लिहून ठेवते: कोणाचं कापड, किती नग, कुठे डाग, कुठे फाटलेलं, काय परत द्यायचं. उरलेले तुकडे पिशवीत घालून परत देते. ते माझे नसतात.

शरीराचंही सांभाळावं लागतं. जमिनीवर वाकून टाचणं या वयात गुडघ्यांना जड जातं, म्हणून हल्ली दोन लोखंडी पलंग जोडून त्यावर फळ्या टाकून टाचते. एका बैठकीत तासापेक्षा जास्त मशीन चालवत नाही.

दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत सगळ्यात जास्त काम येतं. दुसरा हंगाम आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा. लेकी माहेरी येतात आणि आयांना त्यांच्या हाती आपल्या साड्यांची गोधडी द्यायची असते. त्याचं कापड मी होळीपर्यंतच घेते. नंतर पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही, त्यामुळे उन्हाळाभर पहाटे उठून फक्त बाळांच्या छोट्या गोधड्या करते.