ड्रायरचा वेंट : सैलपणाचे मूळ अखेर भिंतीत सापडले

कपडे वाळवणाऱ्या ड्रायरची गरम, दमट हवा घराबाहेर नेणारी नळी भिंतीजवळ वारंवार सैल होत होती. तेथील क्लॅम्प (नळी आवळून धरणारे कडे) तिसऱ्यांदा आवळल्यानंतर ती ओढूनही जागची हलत नाही, असे मी मागील नोंदीत समाधानाने लिहिले होते. ते समाधान १७ दिवस टिकले. गेल्या शनिवारी कपडे धुण्याच्या खोलीत शिरताच दमट हवा जाणवली आणि ड्रायरमागे करड्या लिंटचा, म्हणजे कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंच्या भुग्याचा, थर दिसला. मात्र या वेळी एक गोष्ट लक्षात आली, जी आधी तिन्ही वेळा नजरेतून सुटली होती : क्लॅम्प मुळीच ढिला झालेला नव्हता, तर नळीसकट भिंतीतील पत्र्याचा पाइपच दीड इंच बाहेर सरकला होता. इतके दिवस आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार चालला होता.

फोनला जोडायचा तपासणी-कॅमेरा पाइपाच्या बाजूच्या फटीतून आत घातला, तेव्हा उलगडा झाला. बाहेरच्या हूडचे (हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या टोपीचे) भिंतीत शिरणारे शेपूट भिंतीच्या पूर्ण जाडीइतके लांब नाही. म्हणून घर बांधणाऱ्याने मध्ये एक तुकडा जोडला होता, पण त्या सांध्यावर वापरलेली कापडी टेप उष्णतेने वाळून सुटली होती आणि पाइपाला स्टडचा (भिंतीतील उभ्या खांबाचा) आधार कुठेच दिलेला नव्हता. शिवाय तो तुकडा उलटा बसवला होता. चुण्यांचे अरुंद टोक हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे बाहेरच्या बाजूला, असायला हवे. येथे ते ड्रायरकडे होते, त्यामुळे सांध्याच्या कडेला लिंट अडकत होते आणि उरलेले फटीतून भिंतीत जात होते. न्यू जर्सीच्या जानेवारीत ती उबदार, ओली हवा थंड पोकळीत शिरल्यामुळे आतील इन्सुलेशन हाताला चिंब लागले. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळासाठी घरगुती ड्रायरमुळे लागणाऱ्या आगींचा अंदाज वर्षाला सुमारे २,९०० असा दिला होता आणि सफाई न करणे हे त्यांचे अग्रगण्य कारण नोंदवले होते. भिंतीच्या आत साचणाऱ्या लिंटची सफाई तर कोणीच करू शकत नाही, म्हणून चौथ्यांदा क्लॅम्प आवळण्याचा विचार मी तिथेच सोडला.

ड्रायवॉल (भिंतीवरचा जिप्समचा तक्ता) १० इंच चौरस कापून ओले इन्सुलेशन काढले, पोकळी दोन दिवस पंख्याने वाळवली आणि दोन स्टडांमध्ये पाइपाच्या वर व खाली एकेक आडवी फळी ठोकली. पाइपाची कॉलर (त्याला धरणारे कडे) आता त्या फळ्यांना स्क्रूने पक्की आहे, ड्रायवॉलला नाही. पाइपाच्या आत मात्र एकही स्क्रू घुसू दिला नाही, कारण स्क्रूच्या टोकाला लिंट धरते. सर्व सांधे फॉइल टेपने बंद केले. टेप लावण्याआधी पत्रा अल्कोहोलने पुसून घ्यावा, नाहीतर कारखान्यातील तेलकट थरामुळे ती आठवडाभरात उचलली जाते.

पाइपाविषयी आग्रहाने सांगावेसे वाटते. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. मोठ्या साखळी दुकानात सहज मिळतो तो ३० गेजचा पत्रा बोटाने दाबला तरी चेपतो, आणि येथील निवासी बांधकाम-संहितेला किमान २८ गेज हवा असतो. मी डक्टचे सामान विकणाऱ्या दुकानातून २६ गेजचा ४ इंची पाइप आणला. थोडे जास्त पैसे पडले, पण त्याची शिवण सरळ बसते. तो कापायचा असेल तर शिवण जोडण्याआधी, पत्रा उघडा असतानाच, चुण्या नसलेल्या टोकाकडून कापावा. जाड हातमोजे अत्यावश्यक आहेत.

रविवारी संध्याकाळी नेहमीच्याच चार सुती चादरी लावून पाहिल्या. पूर्वी ७० मिनिटे लागत, आता ४४ लागली. बाहेर जाऊन पाहिले तेव्हा हूडची झडप पूर्ण उघडून स्थिर राहिली होती. ती तशी उघडलेली मी या हिवाळ्यात प्रथमच पाहिली आणि थंडीतही बराच वेळ तिथे उभा राहिलो.

पुढील शनिवारी ड्रायवॉल बुजवून रंग देण्याचे ठरले होते. परंतु या नोंदीसाठी मापे घेताना लक्षात आले की ड्रायरमागे कोंबलेली ६ फुटी लवचीक नळी स्प्रिंगसारखी भिंतीकडे रेटत असते, आणि यंत्र पुढे ओढले की तीच पाइपाला बाहेर खेचते. सांधा सुटण्यास टेपइतकीच तीही कारणीभूत असावी. यंत्र ४ इंच डावीकडे सरकवले, तर त्याचे तोंड भिंतीतील भोकाच्या नेमके समोर येते. मग नळीऐवजी लोहचुंबकाने जुळणारी आखूड जोडणी बसेल आणि सफाईसाठी यंत्र ओढताना ती आपोआप सुटेल. अशा जोडणीला दोन्ही तोंडे एका रेषेत लागतात, म्हणून आधी पाणसळ लावून ड्रायरचे पाय समतल करीन. तोवर ड्रायवॉल उघडीच ठेवत आहे. कॉलर अर्धा इंच वर घ्यावी लागली, तर भिंत पुन्हा फोडावी लागू नये.