तुम्ही विचारलंत म्हणून : लग्नाला साडेपाच आठवडे, रिपोर्टवर सात

"सिस्टर, नक्की कुठल्या दिवशी राहिलं हो?" ओपीडीत बावीस वर्षं काढली, पण हा प्रश्न आला नाही असा आठवडा आठवत नाही. कुणी लाजत विचारतं, कुणी रडवेलं होऊन. कधीकधी विचारणारी ती नसतेच, तिची सासू असते.

एका जूनची गोष्ट. लग्न १२ मेचं. १९ जूनला सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टवर छापून आलं, सात आठवडे. सासूबाईंनी माझ्या टेबलासमोरच बोटांच्या पेरांवर मोजलं, परत मोजलं. मग सुनेकडे न बघता मला म्हणाल्या, "हे वरचे अकरा दिवस कुठले?" सून ओढणीचं टोक पिळत उभी.

मी केसपेपर उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं, १ मे. तिची शेवटची पाळी त्या दिवशी सुरू झाली होती. आम्ही आठवडे तिथून मोजतो. लग्नापासून नाही, जवळ आले त्या रात्रीपासूनही नाही. कारण पाळीची तारीख बाई सांगू शकते, अंडं कधी फुटलं, म्हणजे अंडाशयातून बाहेर पडलं, ते तिचं तिलाही कळत नाही. तिची पाळी २८ दिवसांची, म्हणजे अंडं फुटलं असणार १५ मेच्या आगेमागे. रिपोर्टवर सात आठवडे असले तरी गर्भाचं खरं वय पाचाच्या आसपास.

"म्हणजे पहिले दोन आठवडे पोटात काहीच नव्हतं?"

"काहीच नाही, मावशी. नुसता हिशोब."

मूल हवंय म्हणून येणाऱ्या मुलींच्या डोक्यात 'चौदावा दिवस' पक्का बसलेला असतो. तो २८ दिवसांच्या पाळीचा चौदावा. अंडं साधारणपणे पुढची पाळी यायच्या चौदा दिवस आधी फुटतं, त्यामुळे पस्तीस दिवसांनी पाळी येणारीचा तो दिवस एकविसाव्याच्या आसपास येतो. फुटलेलं अंडं जेमतेम दिवसभर टिकतं. शुक्राणू मात्र आत पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणून अंडं फुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, असे सहाच दिवस कामाचे. त्या सुमाराला अंगावरून जाणारं पाणी कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरतं. मोबाइलमधल्या ॲपपेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवते. ॲप मागच्या महिन्यांवरून अंदाज बांधतं, आणि पीसीओडी, म्हणजे पाळी अनियमित करणारा त्रास, असेल तर तो अंदाज हमखास फसतो.

आणखी एक घोळ आपल्याकडचा. लग्न, सत्यनारायण, गणपती, काहीही असलं की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. गोळी थांबवली की दोनतीन दिवसांत अंगावर जातं ती पाळी धरायची का, हे केसपेपर लिहिताना कुणी सांगत नाही. मी विचारते तेव्हा "हो, घेतल्या होत्या" असं हळूच येतं. मग तारखेचा भरवसा कमी आणि लवकरच्या सोनोग्राफीचा जास्त. पहिल्या तीन महिन्यांत डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून वय काढतात, त्यात पाच-सात दिवस इकडेतिकडे होतात. पुढे चूक वाढत जाते, कारण प्रत्येक बाळ आपापल्या चालीने वाढतं. तेव्हा सोमवार की गुरुवार, हा वाद सोनोग्राफी मिटवत नाही. तसं सांगणारं कुणी भेटलं तर खुशाल दुर्लक्ष करा.

सासूबाई तोवर निवळल्या होत्या. पुढचा प्रश्न बाळंतपणाच्या तारखेचा. मी जुन्या पद्धतीने, पाळीच्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवून, ८ फेब्रुवारी सांगितली. त्यांनी रिपोर्टवर बोट ठेवलं. तिथे ५ फेब्रुवारी. मशीन सरळ २८० दिवस मोजतं आणि महिने काही सारख्या दिवसांचे नसतात. "मग कॅलेंडरवर गोल कुठल्या तारखेला करू?" मी म्हटलं, दोन्हीला करा. शंभरातली चार-पाचच दिलेल्या तारखेला येतात.

बाळ २९ जानेवारीला आलं. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवत सासूबाईंनी ऐकवलंच, "सिस्टर, तुमच्या दोन्ही तारखा चुकल्या."